भूमिकांचा नकाशा आणि कार्यालयाचे सामाईक दप्तर
(प्रशासकीय प्रशिक्षणवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



प्रत्येक शासकीय कार्यालयात दोन प्रश्न नित्य विचारले जातात. पहिला खिडकीबाहेरून येतो : हे काम कोणाकडे आहे? दुसरा खिडकीच्या आतून उठतो : हे काम कसे करावयाचे आणि त्याचे कागद कोठे आहेत? पहिल्याचे उत्तर कार्यविभागणीच्या आदेशात असते. दुसऱ्याचे उत्तर नियमपुस्तिका, परिपत्रके, विहित नमुने आणि जुन्या धारिका यांमध्ये विखुरलेले असते. दोन्ही उत्तरे कार्यालयातच असतात; परंतु त्यांना जोडणारा दुवा बहुधा कोठेच लिहिलेला नसतो. तो एखाद्या अनुभवी कर्मचाऱ्याच्या स्मरणात असतो, आणि त्या कर्मचाऱ्याची बदली झाली किंवा तो सेवानिवृत्त झाला की त्याच्याबरोबर निघून जातो.

हा दुवा नाहीसा झाल्याने काय घडते, हे समजण्यासाठी गोव्यातील एखाद्या मामलेदार कार्यालयाची कल्पना करावी. पतीच्या निधनानंतर एक विधवा स्त्री जमिनीच्या नमुना १ व १४ मध्ये वारसांची नावे लावून घेण्यासाठी अर्ज करते. म्युटेशनचे, म्हणजे फेरफाराच्या नोंदीचे काम सांभाळणारा आव्वल कारकून गेल्याच महिन्यात बदलून गेला आहे. त्याच्या जागी आलेला कर्मचारी प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे. परंतु वारसाहक्काचा पुरावा म्हणून कोणता दस्तऐवज मागावयाचा, हे सांगणारे टिपण त्याला सापडत नाही. कपाटात एक टिपण मिळते, ते जुने असते. ‘गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, २०१२’ हा कायदा २०१६ मध्ये अंमलात आला आणि वारसाविषयीच्या पोर्तुगीजकालीन तरतुदींची जागा त्याने घेतली. कपाटातील टिपण त्यापूर्वीचे आहे. त्या टिपणावर विसंबून नवा कर्मचारी अर्जदार स्त्रीला चुकीचा कागद आणावयास सांगतो. तिच्या दोन फेऱ्या, प्रवासखर्च आणि दोन दिवसांची मजुरी वाया जाते. येथे कोणी लाच मागितली नाही, कोणी कामचुकारपणाही केला नाही. तरीही अन्याय झाला. कारण टिपण अद्ययावत ठेवणे हे कोणाचे काम, याची नोंद कोठेच नव्हती.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच आहे. कोणाकडे कोणती जबाबदारी आहे हे दाखविणारा नकाशा आणि कामाची माहिती साठविणारे सामाईक दप्तर यांची जोडणी कशी करावी, ती करताना कोणती पथ्ये पाळावीत आणि ती न केल्यास काय गमवावे लागते, याचा विचार येथे क्रमाने केला आहे.

पद आणि व्यक्ती

पद वेगळे आणि पदावरील व्यक्ती वेगळी, हा विचार प्रशासनाला नवा नाही. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकप्रसंगी, १६७४ मध्ये, अष्टप्रधानांची कामे ठरवून देणारा ‘कानुजाबता’ इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. प्रधानाचे नाव काहीही असो, अमात्याने जमाखर्च पाहावा आणि सचिवाने राजपत्रे तपासावीत, हे त्यात पदाशी बांधलेले आहे. पुढील काळात मात्र अनेक पदे वंशपरंपरेने चालू लागली. पद घराण्यात गेले म्हणजे त्या पदाचे ज्ञान आणि कित्येकदा कागदपत्रेही घराण्यातच राहतात. राज्याचे दप्तर आणि घराचे दप्तर यांमधील सीमारेषा तेथे पुसली जाते.

पाश्चात्त्य देशांत हाच प्रश्न मोठ्या उद्योगांपुढे उभा राहिला. अमेरिकेतील न्यूयॉर्क अँड ईरी या लोहमार्गाचे अधीक्षक डॅनिएल मॅकॅलम यांनी १८५५ मध्ये आपल्या कंपनीच्या अधिकाररचनेचे चित्र तयार करविले. ते एखाद्या वृक्षासारखे होते. मुळाशी संचालक मंडळ आणि फांद्यांवर विभाग, स्थानके व कर्मचारी. संघटनेच्या रचनेचा हा आद्य आलेख मानला जातो. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी नोकरशाहीचे जे विवेचन केले आणि जे त्यांच्या मृत्यूनंतर १९२२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, त्यात आधुनिक कार्यालयाची दोन लक्षणे शेजारीशेजारी येतात. अधिकार पदाकडे असतो, व्यक्तीकडे नसतो, हे पहिले. आणि कारभार लिखित कागदपत्रांवर चालतो, हे दुसरे. ही दोन लक्षणे परस्परांना पूरक आहेत. पदाचा अधिकार अखंड राहावयाचा असेल तर पदाचे कागदही अखंड राहिले पाहिजेत.

भारताच्या राज्यकारभारात हा नकाशा सर्वोच्च पातळीवर काढलेला आहे. संविधानाच्या अनुच्छेद ७७(३) अन्वये केंद्राचे आणि अनुच्छेद १६६(३) अन्वये राज्यांचे कार्यनियम तयार होतात आणि कोणता विषय कोणत्या खात्याकडे, हे त्यावरून ठरते. परंतु खात्याकडून शाखेकडे, शाखेकडून टेबलाकडे उतरत गेल्यावर नकाशाच्या रेषा पुसट होत जातात. सर्वसामान्य नागरिकाचा संबंध येतो तो मात्र याच पुसट भागाशी.

नकाशा म्हणजे काय

संघटनेचा परंपरागत आलेख पदांची उतरंड दाखवितो : कोण कोणाच्या हाताखाली आहे, एवढेच त्यावरून कळते. गेल्या काही दशकांत याहून सूक्ष्म असा भूमिकांचा नकाशा प्रचारात आला. अमेरिकेतील ब्रायन रॉबर्टसन यांनी आपल्या सॉफ्टवेअर कंपनीतील प्रयोगांतून जी ‘हॉलाक्रसी’ नावाची कार्यपद्धती सिद्ध केली आणि २००७ पासून जी त्या नावाने ओळखली जाऊ लागली, तिच्यात प्रत्येक भूमिकेची तीन अंगे लिहून ठेवली जातात. भूमिकेचा हेतू हे पहिले अंग, तिच्या एकटीच्या ताब्यातील क्षेत्र हे दुसरे आणि तिने सातत्याने पार पाडावयाची उत्तरदायित्वे हे तिसरे. ‘ग्लासफ्रॉग’सारख्या संगणकीय साधनांत हा नकाशा वर्तुळांच्या रूपाने पाहता येतो; वर्तुळावर बोट ठेवताच त्यातील भूमिका आणि ती सांभाळणारी व्यक्ती दिसते.

हॉलाक्रसीतील स्वायत्ततेची कल्पना शासकीय शिस्तीत जशीच्या तशी आणावी, असे येथे सुचविलेले नाही. शासनात अधिकारांची उतरंड कायद्याने ठरलेली आहे आणि ती तशीच राहणार. घेण्यासारखी गोष्ट एवढीच की पद आणि भूमिका यांत भेद करावा. आव्वल कारकून हे पद होय. परंतु ते पद सांभाळणारी एकच व्यक्ती फेरफाराच्या नोटिसा काढते, निवडणूककाळात मतदारयादीचे काम पाहते आणि पूर आला की आपत्तीनियंत्रण कक्षात बसते. या तीन निरनिराळ्या भूमिका आहेत. त्यांचे नियम वेगळे, नमुने वेगळे, वरिष्ठही कित्येकदा वेगळे. केवळ पदनाम लिहून ठेवल्याने ही तीन कामे दिसत नाहीत, आणि जे काम दिसत नाही त्याचे टिपणही कोणी ठेवीत नाही.

सामाईक दप्तर म्हणजे काय

सामाईक दप्तर म्हणजे अनेकांनी मिळून लिहिलेली, दुरुस्त केलेली आणि सर्वांना शोधता येणारी संगणकावरील टिपणवही होय. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली ‘विकी’ सुरू केली. वाचणाऱ्यालाच पान सुधारता यावे, ही त्यामागील कल्पना होती. २००४ मध्ये कार्यालयीन वापरासाठी ‘कॉन्फ्लुअन्स’ आले. २०१६ मध्ये लोकांपुढे आलेल्या ‘नोशन’मध्ये पाने आणि तक्ते एकत्र नांदू लागले. विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो ती ‘मीडियाविकी’ मुक्त स्वरूपाची असून कोणत्याही संस्थेला ती आपल्या स्वतःच्या संगणकावर बसविता येते. अशा दप्तरात प्रत्येक पानाचा पूर्वेतिहास राहतो. कोणी, केव्हा, काय बदलले हे पाहता येते.

परंतु या दप्तरातही एक जुना रोग शिरतो. आरंभी उत्साहाने पाने लिहिली जातात. वर्षभरात त्यांची संख्या शेकड्यांत जाते. कोणते पान चालू आहे आणि कोणते कालबाह्य, हे सांगता येत नाही. कारण पान लिहिणारा कोण हे नोंदलेले असते, पान सांभाळणारा कोण हे नोंदलेले नसते. लिहिणारा बदलून गेला की पान अनाथ होते. कपाटातील जुने टिपण आणि संगणकातील अनाथ पान यांत मग फरक उरत नाही. किंबहुना संगणकातील पान अधिक घातक ठरते, कारण ते नवे कोरे दिसते.

कायद्याची अपेक्षा

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये या जोडणीचा पाया घातलेला आहे. गोवा राज्याने तर १९९७ मध्येच माहितीच्या अधिकाराचा स्वतंत्र कायदा केला होता. केंद्रीय अधिनियमाच्या कलम ४(१)(क) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध व अनुक्रमित ठेवावयाचे आहेत. कलम ४(१)(ख) मध्ये स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या १७ बाबी दिल्या आहेत. त्यांतील दुसरी बाब अधिकारी व कर्मचारी यांचे अधिकार आणि कर्तव्ये ही आहे. तिसरी बाब निर्णयप्रक्रियेतील कार्यपद्धती, पर्यवेक्षण व उत्तरदायित्व यांची आहे. पाचवी बाब कर्तव्ये पार पाडण्यासाठी वापरले जाणारे नियम, सूचना, पुस्तिका आणि अभिलेख यांची, तर सहावी दस्तऐवजांच्या वर्गवारीची आहे.

या बाबी एकत्र वाचल्या की ध्यानी येते की दुसरी आणि तिसरी बाब म्हणजे भूमिकांचा नकाशा होय. पाचवी आणि सहावी म्हणजे सामाईक दप्तराची सूची होय. व्यवहारात बहुधा या बाबी स्वतंत्र तक्त्यांत भरल्या जातात. एका तक्त्यात कर्तव्ये, दुसऱ्यात पुस्तिकांची नावे. कोणत्या कर्तव्यासाठी कोणती पुस्तिका, हे वाचणाऱ्याने स्वतः ताडावयाचे असते. ही माहिती दरवर्षी अद्ययावत करावी, असे अधिनियम सांगतो. दोन तक्त्यांची जोडणी झालेली असेल तर हे वार्षिक काम हलके होते. नसेल तर प्रत्येक वर्षी तेच श्रम नव्याने करावे लागतात आणि अखेरीस मागील वर्षाचाच तक्ता दिनांक बदलून पुढे जातो.

जोडणीची पाच पथ्ये

पहिले पथ्य : दुवा नावाने जोडू नये, कायम क्रमांकाने जोडावा. व्यक्तीचे नाव बदलीबरोबर बदलते. पदनाम शासननिर्णयाने बदलते. शाखेचे नाव पुनर्रचनेत बदलते. यास्तव प्रत्येक भूमिकेला एक क्रमांक द्यावा आणि ती भूमिका रद्द झाली तरी तो क्रमांक दुसरीला देऊ नये. दप्तरातील पानांना असा क्रमांक असतोच. नोशनमध्ये पानाच्या पत्त्याच्या अखेरीस बत्तीस अक्षरांची खूण असते आणि पानाचे शीर्षक बदलले तरी ती बदलत नाही. जोडणी या दोन क्रमांकांमध्ये करावी.

नावे मात्र वाचकांसाठी असतात आणि त्यांतही एकवाक्यता हवी. एकाच कामाला एका पानावर ‘फेरफार’, दुसऱ्यावर ‘म्युटेशन’ आणि तिसऱ्यावर ‘नामांतर’ म्हटले, तर शोध घेणाऱ्याला एक पान सापडते आणि दोन सुटतात. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा अनेक भाषांतील प्रशासकीय संज्ञांचा कोश सिद्ध झाला. बहुभाषी राज्याचा कारभार सुरळीत चालावयाचा तर संज्ञा निश्चित असल्या पाहिजेत, ही जाण त्यामागे होती. भूमिकांचा नकाशा करणाऱ्या कार्यालयाने आपल्यापुरता असा शंभर-दोनशे शब्दांचा कोश प्रथम करावा.

दुसरे पथ्य : प्रत्येक माहितीचे घर एकच असावे. भूमिकेचे नाव, कर्तव्ये आणि सध्याचा धारक यांचे घर नकाशा हे होय. कार्यपद्धती, नमुने, तपासणीसूची आणि परिपत्रकांचा सारांश यांचे घर दप्तर हे होय. दप्तराच्या पानावर भूमिकाधारकाचे नाव दिसावे, परंतु ते तेथे लिहिलेले नसावे. ते नकाशातून वाचून दाखविलेले असावे. त्याचप्रमाणे नकाशातील भूमिकेवर बोट ठेवले असता तिची पाने दिसावीत, परंतु पानांच्या प्रती नकाशात साठवू नयेत. एकच मजकूर दोन ठिकाणी लिहिला की त्यांतील एक कधी ना कधी खोटा ठरतो, आणि कोणता खोटा हे कोणालाच ठाऊक नसते.

तिसरे पथ्य : दुव्याचा प्रकार लिहावा. भूमिका आणि पान यांचा संबंध निदान तीन प्रकारचा असतो. एखादी भूमिका पानाची पालक असते, म्हणजे ते अद्ययावत ठेवणे तिचे कर्तव्य असते. एखादी त्यास मान्यता देते. इतर अनेक भूमिका केवळ वापर करतात. एका पानाचे वापरकर्ते कितीही असोत, पालक मात्र एकच असावा. वर सांगितलेल्या उदाहरणात वारसाविषयक टिपणाचा वापर आव्वल कारकून, तलाठी आणि चौकशी खिडकीवरील कर्मचारी असे तिघेही करतात. त्यांपैकी पालक कोण, हे लिहिलेले असते तर २०१६ मध्ये कायदा बदलताच त्या पालकाकडे टिपण सुधारण्याचे काम आपोआप आले असते.

चौथे पथ्य : प्रवेशाचे अधिकार भूमिकेला द्यावेत, व्यक्तीला देऊ नयेत. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेचे डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये हे तत्त्व सूत्ररूपाने मांडले आणि पुढे ते संगणकसुरक्षेचे मान्य मानक झाले. व्यक्तीला भूमिका मिळते, भूमिकेला अधिकार मिळतो. बदली झाली की भूमिकेबरोबर अधिकारही सुटतो. प्रत्येक पानावर जाऊन नाव खोडावे लागत नाही. अतिरिक्त कार्यभार दिला असेल तर त्याची अखेरची तारीख नकाशातच नोंदवावी, म्हणजे तात्पुरता अधिकार कायमचा होऊन बसत नाही. विभागीय चौकशी, आजारपण, कौटुंबिक तपशील अशा खाजगी स्वरूपाच्या कागदांना ही जोडणी स्वयंचलितपणे कधीही उघडी करू नये. त्यांना स्वतंत्र मान्यता लागावी.

पाचवे पथ्य : बदलाच्या प्रसंगी काय घडावे, हे आधी ठरवावे. असे प्रसंग चार होत. नवी भूमिका निर्माण झाली तर दप्तरात तिचे एक पान ठराविक साच्यात उघडावे. धारक बदलला तर नव्या धारकाला त्या भूमिकेच्या पानांची यादी आणि प्रत्येक पान शेवटचे केव्हा तपासले याचा दिनांक मिळावा. एका भूमिकेच्या दोन झाल्या तर प्रत्येक पानाचा पालक निश्चित होईपर्यंत विभाजन पूर्ण झाले असे समजू नये. भूमिका रद्द झाली तर तिची पाने पुसून टाकू नयेत. ती अभिलेखात जावीत आणि त्यांवर ‘कालबाह्य’ असा स्पष्ट शिक्का असावा. अभिलेख नष्ट करावयाचा की जपावयाचा, हे ठरविणे संगणकाचे काम नव्हे. ते अभिलेख जतनाच्या नियमांचे काम आहे.

दोन यंत्रांचे संभाषण

या प्रणाली परस्परांशी ज्या वाटेने बोलतात तिला एपीआय म्हणतात. एका प्रणालीने विचारावयाचे प्रश्न आणि दुसरीने द्यावयाची उत्तरे यांचा तो ठरलेला नमुना होय. ग्लासफ्रॉगला अशी वाट आहे. नोशनने ती २०२१ च्या मे महिन्यात सर्वांसाठी खुली केली. तिच्या दोन मर्यादा येथे बोधप्रद आहेत. जोडणी करणाऱ्या कार्यक्रमाला सगळे दप्तर दिसत नाही. जी पाने त्याच्यासाठी मुद्दाम उघडली, तेवढीच दिसतात. सरासरीने सेकंदाला तीन प्रश्नांहून अधिक प्रश्नही त्याला विचारता येत नाहीत. म्हणून दर वेळी संपूर्ण नकाशाची नक्कल करण्याचा हव्यास धरू नये. जे बदलले तेवढेच कळवावे, आणि आठवड्यातून एकदा दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. जमाखर्चाच्या वहीत रोजची नोंद आणि महिनाअखेरचा ताळा असतो, तद्वतच हे आहे.

या ताळ्यातून दोन याद्या निघतात आणि त्या कार्यालयप्रमुखाच्या टेबलावर जाव्यात. पहिली यादी पालक नसलेल्या पानांची. दुसरी यादी एकही पान नसलेल्या भूमिकांची. पहिल्या यादीवरून कोणते ज्ञान अनाथ आहे हे कळते. दुसरीवरून कोणते काम अद्याप केवळ एखाद्याच्या स्मरणावर चालले आहे हे कळते. सेवानिवृत्तीचा दिवस जवळ आलेल्या कर्मचाऱ्याची भूमिका दुसऱ्या यादीत असेल तर तो धोक्याचा इशारा समजावा आणि त्या अनुभवी व्यक्तीजवळ बसून, सन्मानाने, तिचे काम टिपून घ्यावे.

कोणती संगणकप्रणाली वापरावी, हा प्रश्न त्यानंतरचा. शासकीय माहिती कोणत्या संगणकावर साठवावयाची याचे नियम आहेत आणि ते प्रथम पाहिले पाहिजेत. एखादे परदेशी साधन सोयीचे दिसते म्हणून त्यात शासनाचे कागद नेऊन ठेवणे योग्य नव्हे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-ऑफिस प्रणालीत धारिकांची हालचाल, कर्मचाऱ्यांची मूळ नोंद आणि दस्तऐवजांचा संग्रह यांसाठी स्वतंत्र विभाग आहेत. जेथे ती प्रणाली चालू आहे तेथे त्या विभागांचाच आधार घ्यावा. वर सांगितलेली पाच पथ्ये कोणत्याही साधनाला लागू पडतात.

मर्यादेचे भान

या जोडणीविषयी काही आक्षेप घेतले जातात आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. नकाशात सर्व लिहिले गेले की ‘हे माझ्या भूमिकेत नाही’ असे म्हणून काम नाकारण्याची वृत्ती बळावेल, असे म्हटले जाते. ही भीती निराधार नाही. यावर उपाय एवढाच की जे काम कोणत्याच भूमिकेत बसत नाही ते कोणाकडे न्यावयाचे, हेही नकाशातच लिहावे. टिपणे लिहिण्यातच वेळ जाईल, हा दुसरा आक्षेप आहे. त्यावर उत्तर असे की प्रत्येक गोष्ट लिहावयाची नसते. वारंवार येणारे काम, क्वचित येणारे परंतु चुकल्यास मोठी हानी करणारे काम आणि एकाच व्यक्तीला ठाऊक असलेले काम, एवढी तीन प्रकारची कामे लिहिली तरी पुरे.

एक गोष्ट मात्र निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक आहे. नकाशा हा आदेशाची जागा घेऊ शकत नाही. अधिकार येतो तो कायद्यातून, नियमातून आणि सक्षम अधिकाऱ्याने काढलेल्या आदेशातून. नकाशात कोणी एखाद्याच्या नावापुढे एक जबाबदारी लिहिली म्हणून तिला वैधानिक बळ येत नाही. यास्तव प्रत्येक भूमिकेच्या नोंदीत ज्या आदेशाने ती निर्माण झाली त्याचा क्रमांक व दिनांक असावा. आदेश आधी आणि नकाशा नंतर, हा क्रम उलटला तर सोयीसाठी केलेले साधन गोंधळाचे कारण होईल.

आरंभ कोठून करावा

आरंभासाठी निधीची वा नव्या यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. एका शाखेतील दहा भूमिका निवडाव्यात. एका नोंदवहीत पाच रकाने आखावेत : भूमिकेचा क्रमांक, तिचा हेतू, आदेशाचा क्रमांक, तिला लागणारे कागद आणि त्या कागदांचा पालक. शाखेतील सर्वांनी एकत्र बसून ही वही भरावी. ज्या रकान्यांपाशी लेखणी थांबेल तेथेच त्या शाखेची खरी अडचण आहे असे समजावे. तीन महिने ही वही चालली, बदलांच्या नोंदी वेळेवर झाल्या, तरच ती संगणकावर न्यावी. कागदावर न टिकलेली शिस्त यंत्रात टिकत नाही.

या सर्व खटाटोपाचे फळ कोणत्या मापाने मोजावे? पानांच्या संख्येने नव्हे, वर्तुळांच्या सुबकतेनेही नव्हे. नव्याने रुजू झालेला कर्मचारी पहिल्या दिवशी आपल्या भूमिकेवर बोट ठेवतो, त्याला आजचे, बरोबर असलेले टिपण मिळते आणि खिडकीसमोर उभ्या असलेल्या त्या विधवा स्त्रीला तो एकाच वेळी योग्य कागदांची यादी देऊ शकतो, हेच त्याचे माप होय. ती स्त्री नकाशा पाहणार नाही, दप्तरही पाहणार नाही. कर्मचारी बदलला आहे हे तिला कळणारसुद्धा नाही. आपली दुसरी फेरी वाचली, एवढेच तिला कळेल. आणि कार्यालयाने त्या एका वाचलेल्या फेरीसाठीच हे सारे करावयाचे आहे.